क्लाउड की डेडिकेटेड सर्व्हर? निवडताना या चुका टाळा

व्यवसायाची वेबसाइट, हिशेबाची प्रणाली किंवा ग्राहकांचे ॲप कुठे चालवायचे, हा प्रश्न बहुतेक कार्यालयांत दोन दरपत्रके शेजारी शेजारी ठेवून सोडवला जातो, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच असते. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे डेटा सेंटरमधले एक अख्खे यंत्र महिन्याच्या ठरलेल्या भाड्याने घेणे, आणि क्लाउड म्हणजे मोठ्या यंत्रसमूहातला हवा तेवढा तुकडा घेऊन जितके तास वापरला तितक्याचे पैसे भरणे. पहिल्यात आपण क्षमता घेतो, दुसऱ्यात वापर. त्यामुळे आपल्या कामाचा भार दिवसात आणि महिन्यात कसा चढतो-उतरतो, याचा आलेख हाती नसताना केलेली तुलना अंदाजपंचे दाहोदर्सेच ठरते.

सरासरीवर विसंबणे

भार मोजला जातो तेव्हाही तो बहुधा सरासरीत मोजला जातो. ‘सर्व्हर सरासरी वीस टक्के वापरात असतो’ या वाक्यातून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण चोवीस तास संथपणे वीस टक्के वापरणारे काम आणि महिन्याअखेरचे दोन दिवस शंभर टक्क्यांवर जाऊन एरवी झोपलेले काम, या दोहोंसाठी योग्य उत्तरे अगदी वेगळी आहेत.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एरवी दोन यंत्रे पुरतात, पण महिन्यातले सुमारे ६० तास आठ यंत्रे लागतात. महिन्याचे साधारण ७३० तास धरले, तर डेडिकेटेड पद्धतीत आठही यंत्रे महिनाभर भाड्याने ठेवावी लागतील, म्हणजे ५,८४० यंत्र-तास. क्लाउडमध्ये दोन यंत्रांचे १,४६० आणि जादा सहा यंत्रांचे ३६०, असे एकूण १,८२० तास लागतील. क्लाउडचा ताशी दर तिप्पट असला, तरी इथे तोच स्वस्त पडतो. मात्र हाच भार महिनाभर सपाट असता, तर त्याच तिप्पट दराने दर महिन्याला नुकसान झाले असते, आणि क्लाउड ‘लवचिक’ आहे या समाधानापलीकडे हाती काहीच लागले नसते. म्हणून निर्णयापूर्वी किमान एक पूर्ण महिना, ज्यात महिन्याअखेरची गर्दी आलेली असेल, सीपीयू, मेमरी, डिस्कची प्रतीक्षा आणि बाहेर जाणारा डेटा या चार गोष्टींची दर मिनिटाची नोंद ठेवावी.

व्हीसीपीयूला पूर्ण कोअर समजणे

दरपत्रकावर दोन्हीकडे ‘८’ लिहिलेले असते आणि वाचणारा ते समान धरतो. डेडिकेटेड सर्व्हरवर आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) म्हणजे आठ प्रत्यक्ष कोअर. क्लाउडवर आठ व्हीसीपीयू, म्हणजे आभासी सीपीयू, हे नेहमीच्या इंटेल प्रोसेसरवर बहुतेक वेळा आठ थ्रेड असतात; एका कोअरवर दोन थ्रेड चालतात, म्हणजेच चार कोअर. त्यातही स्वस्त ‘बर्स्टेबल’ प्रकारांत पूर्ण क्षमता सतत मिळतच नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवरील टी३ मायक्रो या यंत्रप्रकाराला दोन व्हीसीपीयू असले, तरी तासाला १२ क्रेडिट मिळतात, आणि एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण जोरात. तासाच्या १२० व्हीसीपीयू-मिनिटांपैकी हक्काची फक्त बारा. साठवलेली शिल्लक संपली की, सेटिंगप्रमाणे, एक तर यंत्र मंदावते किंवा जादा वापराचे वेगळे पैसे लागतात. चाचणीच्या दिवशी शिल्लक भरपूर असते, म्हणून सगळे झकास चालते; रडगाणे सुरू होते ते खरे ग्राहक आल्यावर.

सर्व्हर मंद झाल्याची तक्रार आली, तर नवा सर्व्हर शोधण्याआधी लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा चालवून वरची सीपीयूची ओळ नीट वाचावी. या ओळीच्या शेवटी ‘एसटी’ नावाचा आकडा असतो. आपले काम तयार असूनही खालच्या यंत्राने सीपीयू दुसऱ्याला दिला, त्या वेळेचे ते प्रमाण. तो सतत दहा-वीसच्या घरात असेल, तर त्याच यंत्रावरचा दुसऱ्या ग्राहकाचा भार जड आहे किंवा क्रेडिट संपले आहे, आणि मग यंत्राचा प्रकार बदलणे किंवा डेडिकेटेडकडे जाणे रास्त आहे. ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) मोठा असेल, तर काम डिस्कपाशी अडले आहे; तिथे कोअर वाढवून उपयोग नाही, डिस्कचा प्रकार आणि तिला बांधून दिलेली आयओपीएसची (दर सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येते त्याची) मर्यादा तपासावी. आणि ‘एसटी’ व ‘डब्ल्यूए’ दोन्ही शून्याजवळ असून ‘यूएस’ (प्रोग्रॅमनी घेतलेला सीपीयूचा वेळ) नव्वदच्या पुढे असेल, तर दोष बहुधा आपल्याच प्रोग्रॅममध्ये आहे. डेटाबेसमधल्या एखाद्या कोष्टकाला इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसल्यामुळे प्रत्येक शोधासाठी लाखो नोंदी वाचल्या जात असताना सर्व्हर बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. असे स्थलांतर पूर्ण झाल्यावर इंडेक्सचा शोध लागलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे, आणि त्या वेळी बैठकीत कोणी फारसे बोलत नाही.

फक्त यंत्राचे भाडे मोजणे

क्लाउडच्या बिलात यंत्र ही केवळ पहिली ओळ असते. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे आत येणारा डेटा सहसा फुकट असतो, बाहेर जाणारा मात्र गिगाबाइटवर मोजला जातो. दोन मेगाबाइटचे पान महिन्यात दहा लाख वेळा उघडले गेले, तर कॅशिंग (एकदा पाठवलेल्या डेटाची प्रत साठवून पुन्हा वापरणे) नसताना सुमारे दोन टेराबाइट डेटा बाहेर जातो. डेडिकेटेड सर्व्हरच्या भाड्यात अनेकदा तेवढी किंवा त्याहून जास्त बँडविड्थ धरलेली असते, तर क्लाउडवर हीच ओळ यंत्राच्या भाड्याला मागे टाकू शकते. नेटफ्लिक्सने २००८ मधल्या डेटाबेसच्या बिघाडानंतर आपली प्रणाली क्लाउडवर न्यायला सुरुवात केली आणि २०१६ च्या जानेवारीत ते काम पूर्ण केले, हे उदाहरण क्लाउडच्या बाजूने नेहमी दिले जाते. पण प्रत्यक्ष चित्रफिती नेटफ्लिक्स इंटरनेट पुरवठादारांकडे ठेवलेल्या स्वतःच्या यंत्रांतूनच पोचवते, हे सांगायचे राहून जाते. उलट ड्रॉपबॉक्सने ग्राहकांच्या फायलींचा बहुतांश साठा ॲमेझॉनवरून काढून स्वतःच्या यंत्रांवर आणला. सतत वाढणारा आणि सपाट भार असलेला तो साठा होता, तेव्हा त्यांचेही गणित बरोबरच होते.

बाकी गळती लहान असतात, पण त्या साचतात. यंत्र हटवल्यावर तशाच राहिलेल्या डिस्क, कोणी न पुसलेले जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रती), शनिवार-रविवारी चालू राहिलेले चाचणीचे सर्व्हर. खात्यावर खर्चाची मर्यादा ओलांडताच इशारा येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. डेडिकेटेडच्या बाजूलाही छुपा खर्च आहे, तो मुख्यतः परवान्यांचा: विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरवर मोजला जातो आणि एका प्रत्यक्ष सर्व्हरसाठी किमान सोळा कोअरचे घ्यावे लागतात, मग यंत्रात आठच का असेनात.

रेडला बॅकअप मानणे

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. डेडिकेटेड सर्व्हरवर बहुधा दोन डिस्क ‘रेड १’ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा लिहिला जाईल अशा, जोडलेल्या असतात आणि एक बंद पडली, तरी काम चालू राहते. एका ओळखीच्या व्यवसायात तसेच झाले. काम इतके सुरळीत चालू राहिले की, पहिली डिस्क गेल्याचे कोणाला कळलेच नाही, आणि काही महिन्यांनी दुसरीही गेली. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडवर ‘एमडीस्टॅट’ ही फाइल उघडली की, चौकटी कंसात शेजारी शेजारी दोन ‘यू’ दिसायला हवेत. तिथे एका ‘यू’च्या जागी खालची आडवी रेघ दिसली, म्हणजे एक डिस्क गेलेली आहे. ती रेघ महिनोन्‌महिने तिथे होती. कोणी फाइल उघडली नव्हती आणि इशाऱ्याचा ईमेल कोणाच्याच नावावर लावलेला नव्हता. शिवाय चुकून पुसलेले कोष्टक रेड तितक्याच तत्परतेने दोन्ही डिस्कवरून पुसते, हे वेगळेच.

क्लाउडवर गेल्याने ही जबाबदारी टळत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि तिथली एक पूर्ण इमारत जळाली; ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी कित्येकांचा डेटा कायमचा गेला. बॅकअप दुसऱ्या शहरात आणि शक्य तर दुसऱ्या कंपनीकडे, वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि तीन महिन्यांतून एकदा तो कोऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून किती तास लागले ते लिहून ठेवावे.

रात्री कोण पाहणार, हे न ठरवणे

९९.९ टक्के उपलब्धतेचे आश्वासन म्हणजे तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, आणि ती ओलांडली तरी भरपाई सहसा भाड्यातल्या सवलतीची मिळते, बुडालेल्या धंद्याची मिळत नाही. डेडिकेटेड यंत्राचा मदरबोर्ड गेला, तर बदलायला काही तास लागू शकतात. क्लाउडवरचे यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर लवकर उभे राहते, पण सगळे एकाच विभागात ठेवले असेल, तर तो विभागच बंद पडू शकतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आज्ञेमुळे ॲमेझॉनची फायली साठवणारी एस३ सेवा अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात काही तास ठप्प झाली होती. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, फायरवॉल आणि पासवर्ड ही कामे दोन्हीकडे आपलीच असतात. ते पाहणारा माणूस नसेल, तर व्यवस्थापनासह मिळणारी सेवा महाग वाटली तरी घ्यावी.

स्थलांतराची घाई

निवड झाल्यावर डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल (तो पत्ता इतरांनी किती वेळ धरून ठेवायचा तो काळ) एक दिवसाचा, म्हणजे ८६,४०० सेकंदांचा असेल, तर तो हलवण्याच्या किमान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा, नाहीतर काही ग्राहक नव्या सर्व्हरवर आणि काही जुन्यावर ऑर्डर नोंदवत राहतात. सगळे एकाच ठिकाणी न्यायचे बंधनही नाही: सपाट भाराचा डेटाबेस डेडिकेटेडवर आणि चढउताराची वेबसाइट क्लाउडवर, ही विभागणी अनेकांना मानवते. मात्र दोन्ही ठिकाणे जवळ असावीत, कारण प्रकाशीय तंतूतून हजार किलोमीटर जाऊन यायलाच सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, आणि एका पानासाठी पन्नास वेळा डेटाबेस विचारला जात असेल, तर अर्धा सेकंद रस्त्यातच जातो.

जुना सर्व्हर लगेच परत करू नये. महिनाभर तो चालू ठेवून रोज त्याचे लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, पाहाव्यात. कोणाच्याही यादीत नसलेला, दर रात्री दोन वाजता जुन्या पत्त्यावर फाइल पाठवणारा एखादा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) तिथेच सापडतो.