सुळक्यावर डाइव्ह करताना आधी माशांची तोंडं बघा

माथा पाण्याखाली १२ मीटरवर, पाया ३० मीटरच्याही खाली आणि चहूबाजूंनी नुसतं निळं पाणी. भर समुद्रातल्या प्रवाळी सुळक्याचं रूप साधारण असं असतं. उथळ प्रवाळावर गोंधळलात तर वाळूवर गुडघे टेकून श्वास जुळवता येतो. इथे खडक सुटला की हाताशी काहीच उरत नाही. माझ्या सुरुवातीच्या डाइव्हमध्ये मी बराकुडांच्या थव्यामागे निघाले आणि वळून बघते तर सुळका दिसेना. तेव्हापासून मी उतरायची पद्धतच बदलली.

बोयाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेची दोरी धरून उतरा. ५ मीटरवर थांबा आणि खाली बघा. फ्युझिलिअर मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून पोहत असतात. तोंडं जिकडे, तिकडून करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह येतोय. बोटीवर कुणी काहीही सांगितलेलं असो, मी माशांवर विश्वास ठेवते. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव घेऊन येणारं पाणी सुळक्याला ज्या बाजूने धडकतं तिथेच फ्युझिलिअर, ट्रेव्हली, बराकुडा जमतात. तो देखावा बघायचा तर खडकाच्या अगदी जवळून, खाली राहून जा. मग करंटपासून आडोशाच्या बाजूला या. तुमचे बुडबुडे वर न जाता खाली ओढले जात असतील तर ते पाणी तुम्हालाही खाली नेतंय. खडकापासून दूर, आडवं पोहत त्यातून बाहेर पडा आणि खोलीच्या आकड्यावर नजर ठेवा.

सगळ्यात खोल भाग आधी, मग खडक एकाच खांद्याकडे ठेवून गोल फिरत हळूहळू वर. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून हवाही चौपट वेगाने संपते. टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात. २०० बारने सुरुवात केली तर १२० बारला मी खालचा भाग सोडते आणि ७० बारला माथा. समोर काहीही असलं तरी. एकदा व्हेल शार्क आला होता, तरीही सोडला.

आडोशाला मात्र रेंगाळा, आणि टॉर्च हवाच. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं, त्यामुळे २० मीटरवरचं लालभडक मऊ प्रवाळ करडं, मळकट दिसतं. टॉर्चचा झोत पडला की तोच खडक पेटल्यासारखा होतो. थायलंडजवळच्या अंदमान समुद्रात रिशेल्यू रॉक आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. तिथल्या जांभळ्या प्रवाळात मी एकाच हातभर जागेसमोर दहा मिनिटं स्थिर राहिले, तेव्हा कुठे पानासारखा दिसणारा घोस्ट पाइपफिश दिसला. फिन्स मारत पुढे गेले असते तर नक्कीच हुकला असता. मोरे ईल तोंड उघडझाप करते ती श्वासासाठी. तिला चिडलेली समजू नका, पण बिळात बोटही घालू नका.

खडकाला हात लावायचा नाही, प्रवाळासाठीही आणि स्वतःसाठीही. विंचूमासा हुबेहूब दगडासारखा बसलेला असतो. काटा टोचलाच तर बडीसोबत, म्हणजे जोडीच्या डायव्हरसोबत ठरल्या वेगाने वर या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा आणि डॉक्टर गाठा. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असेल तर अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर पसरत जाते, म्हणून वर पळू नका. खालच्या अंगाने, आडवे बाजूला व्हा.

माथ्यावरून निघताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. करंट असेल तर दोरीसाठी झटापट नको. खडक सोडा, बडीच्या जवळ राहा आणि खालूनच मार्कर बोया सोडा, म्हणजे बोटीला तुम्ही कुठे आहात ते कळतं. शिडी हातात येईपर्यंत मास्क डोळ्यांवर आणि हवा देणारा रेग्युलेटर तोंडात असू द्या.