बारावीच्या ओसीची तयारी: पेपरला बसण्याआधी काय काय हवं

वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, म्हणजे कॉलेजच्या भाषेत ओसी. ‘थिअरीच तर आहे’ म्हणून हा विषय शेवटपर्यंत मागे पडतो आणि मग पेपरात मुद्द्यांऐवजी गप्पा लिहिल्या जातात. म्हणून धडे उघडण्याआधी प्रश्नपत्रिकेचा आराखडा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. राज्य मंडळाच्या २०२०-२१ पासूनच्या अभ्यासक्रमात लेखी ८० मार्कांची आणि प्रकल्प २० चा. लेखीत वस्तुनिष्ठ २०, संकल्पना ८, प्रसंगाधारित ६, फरक १२, थोडक्यात उत्तरे ८, सकारण स्पष्ट करा ८, पाच-पाच मार्कांची दोन उत्तरे १० आणि एक दीर्घोत्तर ८. वस्तुनिष्ठ आणि फरक मिळून ३२ झाले, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

फरकासाठी वेगळी वही ठेवा. एका फरकाला चार मार्क, म्हणून निदान चार मुद्दे, आणि ते तक्त्यातच. मुद्द्याचं नाव डावीकडच्या रकान्यात लिहिलं नाही की एका बाजूला अर्थ आणि दुसऱ्या बाजूला उद्देश अशी गल्लत होते. दोन्ही वाक्यं बरोबर असूनही फरक दिसत नाही. विम्याचंच घ्या. विमाहित (ज्याचा विमा काढतोय त्यात आपलं आर्थिक हित गुंतलेलं असणं) जीवन विम्यात पॉलिसी काढताना असावं लागतं, सागरी विम्यात नुकसान होताना, आणि अग्नी विम्यात दोन्ही वेळी. नुकसानभरपाईचं तत्त्व जीवन विम्याला लागू नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत काढता येत नाही. एवढं पक्कं असेल तर निम्मा फरक झालाच.

ग्राहक संरक्षणाच्या धड्यात मात्र सावध राहा, कारण तिथले आकडे वेळोवेळी बदललेत. १९८६ च्या कायद्यात जिल्हा मंचाची (आताचा जिल्हा आयोग) तक्रार ऐकण्याची मर्यादा सुरुवातीच्या बदलांनंतर २० लाख रुपये झाली होती. २०१९ च्या कायद्याने जिल्हा आयोगाला १ कोटीपर्यंत अधिकार दिले, आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ते ५० लाखांवर आणले. आता राज्य आयोग ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ही रक्कम म्हणजे मागितलेली भरपाई नव्हे, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे. दादाची-ताईची जुनी गाइडं इथेच दगा देतात. हातातल्या पुस्तकात कोणता आकडा आहे ते सरांना-मॅडमना विचारून घ्या आणि उत्तरात आकड्याशेजारी वर्ष लिहा. जिल्हा आणि राज्य आयोग यांच्या फरकात सदस्य (अध्यक्षांशिवाय जिल्ह्यात निदान दोन, राज्यात निदान चार) आणि अपिलाची मुदत (जिल्ह्याच्या आदेशावर ४५ दिवस, राज्याच्या आदेशावर ३०) हे मुद्दे हमखास चालतात.

व्यवस्थापनतज्ज्ञ फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं नावानिशी आणि क्रमाने पाठ हवीत, त्याला पर्याय नाही. त्यातली आदेशाची एकवाक्यता आणि दिशेची एकवाक्यता वेगळी ठेवा: पहिलीत एका कामगाराला एकच साहेब, दुसरीत एका उद्दिष्टाच्या कामांना एकच प्रमुख, एकच योजना. शास्त्रीय व्यवस्थापन मांडणारा टेलर प्रत्यक्ष काम चालतं त्या पातळीवर पाहतो आणि फेयॉल सगळ्या संस्थेकडे, हे लक्षात असलं की नावांची अदलाबदल होत नाही.

प्रसंगाधारित प्रश्नात कथा पुन्हा लिहू नका. कोण काय करतंय ते अधोरेखित करा. उद्दिष्टं ठरवणारा नियोजन करतोय, माणसं नेमणारा कर्मचारी व्यवस्थापन, ठरलेलं आणि झालेलं ताडून पाहणारा नियंत्रण. एका ओळीत नाव, पुढच्या ओळीत प्रसंगातलं कारण.

‘सकारण स्पष्ट करा’ मध्ये विधान चूक की बरोबर यावर वेळ घालवायचा नाही. त्याच्या बाजूने तीन-चार कारणं द्या आणि ‘म्हणून’ने विधानावर परत या. दीर्घोत्तराला दोन ओळींची प्रस्तावना, मग सात-आठ ठळक मुद्दे, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी. मधे उदाहरण टाकलंत तर ते ओळखीचं असू द्या, गावातली पतपेढी किंवा बाजार समितीचं गोदाम चालेल.

घड्याळ लावून सराव करा: वस्तुनिष्ठ २५ मिनिटं, फरक ३०, दीर्घोत्तर २०. जोड्या लावताना नुसती अक्षरं न लिहिता दोन्ही बाजू पूर्ण उतरवा. प्रकल्पाच्या वहीवर सही आणि शिक्का परीक्षेआधीच घेऊन ठेवा, आयत्या वेळी सर भेटत नाहीत.