बडोद्यात हाताने बनवलेल्या मुखवट्यांचा छोटा व्यवसाय कसा उभा करावा

बडोद्यात मुखवट्यांना मागणी येते ती मुख्यतः नवरात्रापासून उत्तरायणापर्यंतच्या साडेतीन महिन्यांत. नवरात्रात सोसायट्यांच्या चौकांची सजावट आणि वेशभूषेचे कार्यक्रम असतात, डिसेंबरात महाविद्यालयांचे समारंभ आणि वर्षअखेरच्या मास्करेड पार्ट्या येतात, आणि १४ व १५ जानेवारीला पतंग-फिरकीबरोबर पिपुड्या, टोप्या आणि मुखवटे घेऊन सारे शहर धाब्यावर चढते. अडचण अशी की, या हंगामाच्या अगोदरचे चार महिने पावसाचे असतात आणि कागदाचा मुखवटा दमट हवेत वाळता वाळत नाही. म्हणून हा धंदा करू पाहणाऱ्याने रंग आणि टिकल्या विकत घेण्याआधी वर्षाचे वेळापत्रक मांडावे. साचे आणि कोरे मुखवटे एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाळ्यात तयार करून ठेवावेत, पावसाळ्यात घरात बसून अस्तर चढवावे आणि रंगाचे नमुने करावेत, आणि सजावटीचे शेवटचे काम मागणी हातात आल्यावरच करावे. शंभर मुखवटे आधीच सजवून ठेवणाऱ्याकडे हंगामाच्या शेवटी नको त्या रंगाचा माल उरतो. कोऱ्या मुखवट्यांचा साठा असलेला माणूस मात्र गिऱ्हाइकाने जांभळा मागितला तरी चार दिवसांत देऊ शकतो.

आरंभी दोनच आकार पुरेत. व्हेनिसच्या कार्निव्हलमुळे जगभर ओळखीच्या झालेल्या प्रकारांपैकी डोळे आणि नाकाचा वरचा भाग झाकणारा अर्धा मुखवटा, ज्याला तिकडे कोलंबिना म्हणतात, तो सर्वांत जास्त विकला जातो, कारण तो लावून बोलता येते, खाता-पिता येते आणि छायाचित्रात हसू दिसते. बाउटा हा पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा हनुवटीपाशी पुढे आलेला असल्यामुळे त्याच्या खालून खाणेपिणे जमत असे. लांब चोचीचा वैद्याचा मुखवटाही प्रसिद्ध आहे. हे दोन्ही आपल्याकडे घालण्यापेक्षा भिंतीवर टांगण्यासाठी घेतले जातात, त्यामुळे ते वर्षभर थोडेथोडे खपतात, पण त्यांच्यावर हंगाम निघत नाही. तेव्हा पहिला साचा अर्ध्या मुखवट्याचा करावा. दुसरा आकार दांडीच्या मुखवट्याचा ठेवावा, जो चेहऱ्यावर न बांधता हातात धरायचा असतो. चष्मा लावणाऱ्यांना तोच सोयीचा पडतो आणि असे गिऱ्हाईक प्रत्येक घोळक्यात निघतेच.

साच्यासाठी शाडूची माती घ्यावी. गणपतीचे मूर्तिकार बडोद्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून ती सहज मिळते. पाटावर मातीचा चेहरा घडवताना शोभेपेक्षा मापाकडे लक्ष द्यावे. प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण ते ५५ पासून ७२ पर्यंत बदलते, म्हणून डोळ्यांची भोके सुमारे ४२ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच ठेवली म्हणजे बहुतेकांचे भागते. बाजारी मुखवट्यांत भोके लहान आणि देखणी असतात, आणि ते लावून जिना उतरणाऱ्या माणसाला पायरी दिसत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी. तेथे नंतर फोमची पातळ पट्टी बसते आणि मुखवट्याचा भार गालावर न येता नाकाच्या हाडावर येतो.

मातीच्या चेहऱ्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून भोवती पुठ्ठ्याची भिंत उभी करावी आणि त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. वजनाने तीन भाग प्लास्टरला साधारण दोन भाग पाणी लागते. भुकटी नेहमी पाण्यात भुरभुरावी, भुकटीवर पाणी ओतू नये, नाहीतर गुठळ्या राहतात. साच्याची जाडी सगळीकडे तीन-चार सेंटिमीटर असू द्यावी. घट्ट होताना प्लास्टर चांगलेच तापते, म्हणून कोणाच्या चेहऱ्यावर थेट प्लास्टर लावून ठसा घेण्याचा प्रयोग करू नये. त्याने त्वचा भाजते. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये, कारण ते नळीतच दगड होऊन बसते. साचा उन्हाळ्यात आठवडाभर वाळू द्यावा. या पोकळ साच्याच्या आतून कागद थापायचा असल्यामुळे मुखवट्याची दर्शनी बाजू साच्याला टेकते आणि गुळगुळीत निघते. उठावाच्या साच्यावर बाहेरून कागद चिकटवण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, कारण घासण्याची मेहनत निम्म्याने वाचते.

कागद थापण्याचे काम सोपे दिसते, पण मालाचा दर्जा इथेच ठरतो. वर्तमानपत्राचा कागद कातरीने कापू नये, हाताने फाडावा. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात आणि ते शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात, तर कातरीची कड रंगाखालूनही रेघेसारखी दिसत राहते. नाकाच्या आणि भुवईच्या खळग्यात अंगठ्याच्या नखाएवढेच तुकडे घ्यावेत, कारण मोठा तुकडा तेथे घडी धरतो आणि घडीत हवा राहते. एक थर वर्तमानपत्राचा आणि पुढचा खाकी कागदाचा असे आलटून पालटून लावले म्हणजे कोणता थर कुठे सुटला ते नजरेला लगेच कळते. असे पाच थर पुरतात. सहावा थर दिला की मुखवटा मजबूत होण्यापेक्षा जड जास्त होतो, आणि सजावटीसह साठ ग्रॅमच्या पुढे गेलेला अर्धा मुखवटा अर्ध्या तासात नाकावरून घसरू लागतो.

चिकटवण्यासाठी एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी शिजवून केलेली खळ घ्यावी व तिच्यात चौथाई फेव्हिकॉल मिसळावा. चिंचोक्याची खळ अधिक चिवट असते. सावंतवाडीचे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते, करणारे कारागीर ती वापरत आले आहेत. मात्र ती करायला वेळ लागतो. पुस्तकबांधणीची जुनी मंडळी किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी आहे आणि मुखवटा तोंडाशी, घामाशी येतो, म्हणून येथे ते पूर्ण वर्ज्य समजावे. लवंगेच्या तेलाचे काही थेंब टाकून खळ ताजी वापरावी. थापलेला साचा सावलीत, वाऱ्याला ठेवावा. कडक उन्हात कडा आधी वाळतात आणि मुखवटा पिळवटतो. मे महिन्यात दुसऱ्या दिवशी कड आपोआप सुटते आणि मुखवटा अलगद निघतो. एका साच्यातून दिवसाला एक मुखवटा असा हिशेब धरला तर तीन साच्यांतून चाळीस दिवसांत १२० कोरे मुखवटे होतात, आणि एकट्या माणसाच्या पहिल्या हंगामाला तेवढे पुष्कळ झाले.

यानंतर कड कातरून तिच्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवावी, दर्शनी बाजूला खडूची भुकटी आणि फेव्हिकॉल यांचा पातळ लेप दोनदा द्यावा आणि तो वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. रंग ॲक्रिलिकचाच असावा. ऑइल पेंटचा वास कित्येक दिवस जात नाही. आतल्या बाजूची हयगय करणारे कारागीर पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाईक मुखवटा हातात घेताच आधी उलटा करून पाहते. आतून पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचे दोन हात द्यावेत, वास पूर्ण गेल्यावर मलमलीचे अस्तर लावावे आणि चमकी आतल्या बाजूला चुकूनही येऊ देऊ नये, कारण ती डोळ्यात जाते. नाडीची भोके डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापेक्षा किंचित वर घ्यावीत आणि त्यांच्यामागे कापडाची ठिगळे चिकटवावीत, म्हणजे कागद फाटत नाही. बारीक इलॅस्टिकपेक्षा सॅटिनची रुंद फीत महाग पडते, पण ती केसांत अडकत नाही आणि डोक्याच्या प्रत्येक मापाला बसते.

सजावटीचे सामान शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. मंगळ बाजार आणि मांडवीच्या परिसरात चणियाचोळीसाठी लागणाऱ्या जरीच्या लेसा, आरसे, कवड्या आणि गोंडे मिळतात, आणि हेच सामान बडोद्याच्या मुखवट्याला वेगळेपण देते. पांढरट-सोनेरी व्हेनिशियन नक्कल ऑनलाइन कुठूनही स्वस्त मिळते. तिच्याशी किमतीत स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आरसेकाम केलेला अर्धा मुखवटा मात्र गरब्याच्या वेशाशी जुळतो. नवरात्राच्या मालाबाबत एवढे लक्षात घ्यावे की, तीन-तीन तास खेळणारा माणूस मुखवटा बांधून खेळत नाही, आणि मोठ्या मैदानांवर चेहरा झाकून प्रवेश मिळेल की नाही हे आयोजकांच्या नियमांवर अवलंबून असते. तेव्हा त्या दिवसांत दांडीचे आणि चौकात टांगायचे मुखवटे जास्त ठेवावेत, आणि पिसे व लेस लावलेला माल दिव्यांपासून दूर ठेवण्याची सूचना चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी.

पिसांच्या बाबतीत कायदा माहीत असणे आवश्यक आहे. आपोआप गळलेल्या मोरपिसांचा देशांतर्गत व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चालतो, पण त्यांच्या निर्यातीला मनाई आहे. म्हणून मोरपीस लावलेला मुखवटा अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी कोणी मागितला तर तेथे रंगवलेली कोंबडीची पिसे वापरावीत. इतर रानपक्ष्यांची पिसे विकत घेऊच नयेत. चित्रपटांतील आणि कार्टूनमधील पात्रांचे चेहरेही परवानगीशिवाय करू नयेत, मुलांचे पालक कितीही आग्रह करोत. याच ओघात सांगायचे तर, जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवातील, मुखवटे हे देवांचे मुखवटे आहेत, त्यांची पार्टीसाठी नक्कल करणे मला योग्य वाटत नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागातील मराठी घरांतून भाद्रपदात गौरीचे मुखवटे रंगवून देण्याविषयी विचारणा होण्याचा संभव असतो. ते काम अवश्य घ्यावे, त्यात पैसाही बरा आहे, पण त्याचे टेबल आणि ब्रश वेगळे ठेवावेत.

किंमत ठरवताना बहुतेक जण स्वतःची मजुरी धरत नाहीत. समजा, एका मुखवट्याला साहित्य ६० रुपयांचे लागले, थापण्यापासून फीत बसवण्यापर्यंत हाताचे काम अडीच तास झाले आणि तासाला १०० रुपये धरले, तर मजुरी २५० रुपये होते. खोका आणि कागद ३० रुपये. एकूण ३४० झाले, त्यावर तुटफुटीसाठी दहा टक्के धरले की ३७४. आता दुकानदार विक्रीच्या किमतीचे ४० टक्के ठेवणार असेल आणि मुखवटा ७५० रुपयांना विकणार असेल, तर आपल्या हाती ४५० येतात आणि नव्या साच्यांसाठी, प्रदर्शनाच्या भाड्यासाठी ७६ रुपये उरतात. स्वतः थेट विकतानाही किंमत ७५० च ठेवावी. दुकानात ७५० आणि घरी ५०० असे समजले की दुकानदार दुसऱ्यांदा माल घेत नाही, आणि ही बातमी बडोद्यासारख्या शहरात एका आठवड्यात पोहोचते.

नोंदणीपैकी छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, विनाशुल्क होते, ती पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. गुजरातेत वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेतो राज्यांतर्गत विक्रीसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्याला नावनोंदणी क्रमांक घेऊन ई-कॉमर्स संकेतस्थळावरून आपल्या राज्यात विक्रीही करता येते. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम बदलतात. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, तिच्यात आपला माल बसतो का ते कर सल्लागाराला विचारून घ्यावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, मात्र केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. प्राण्यांचे मुखवटे मुलांसाठी करायचे असतील तर हे कारागीर ओळखपत्र आधी काढावे.

विक्रीसाठी छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, माणसाने मुखवटा लावलेला असताना घ्यावीत, आणि एक छायाचित्र मागच्या बाजूचे असावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेमुळे या शहरातले गिऱ्हाईक हातकाम ओळखते, त्याला कागद, खळ आणि अस्तर यांची माहिती दिलेली आवडते. उलट कार्यक्रमांचे आयोजन करणारे लोक फक्त संख्या, तारीख आणि दर विचारतात. आयोजकांकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, रंगाचा एक नमुना मंजूर करून घ्यावा आणि २० डिसेंबरनंतर वर्षअखेरीची मोठी मागणी स्वीकारू नये. एकदा लावलेला मुखवटा परत घेतला जाणार नाही, हे बिलावर छापावे. कुरिअरने पाठवताना मुखवट्याच्या पोकळीत चुरगळलेला कागद भरावा, कारण खोका दबला तर आधी नाकच आत जाते. बंद केलेला खोका कमरेच्या उंचीवरून दोनदा टाकून पाहावा आणि मगच ती पद्धत कायम करावी.

वासी उत्तरायणानंतर, म्हणजे १५ जानेवारीनंतर, उरलेल्या मालाची दोन भागांत वाटणी करावी. पिसांचे मुखवटे वर्षभर टिकत नाहीत, ते फेब्रुवारीत कमी दराने काढून टाकावेत. कोरे आणि फक्त रंगवलेले मुखवटे कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा, आणि जून लागण्यापूर्वी एकदा उघडून कसर लागली नाही ना ते पाहावे.