हुमणी लहान आहे तोवरच ईपीएन सोडा

पाऊस स्थिरावला आणि जमिनीत वाफसा आला की पिकाच्या मुळाशी हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळे खाणारी अळी, शोधायला लागा. रोप पिवळे पडून हाताने सहज उपटून येईपर्यंत थांबू नका. तोवर अळी तिसऱ्या अवस्थेत पोहोचलेली असते आणि तिला मारणे अवघड होऊन बसते. पहिल्या पावसानंतर भुंगेरे दिसले, तर अंडी फुटायला लागणारा वेळ धरून शेतात चार-सहा ठिकाणी वीतभर खोल माती उकरा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची बारीक अळी सापडली की ईपीएन, म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी, सोडण्याची वेळ आली असे समजा. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे. ईपीएन पिकाच्या मुळांना हात लावत नाहीत.

वेळेवर एवढा भर देण्यामागे अळीची प्रतिकारशक्ती आहे. कीटकांना आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, पण म्हणून ते दुबळे नसतात. शरीरात काही परके शिरले की त्यांच्या रक्तपेशी धावून येतात, त्याच्याभोवती थर चढवतात आणि तो थर काळा, कडक होतो. आत अडकलेला सूत्रकृमी गुदमरून मरतो. एकट्या सूत्रकृमीला ही लढाई जड गेली असती. पण त्याच्या आतड्यात सहजीवी जिवाणू असतात: स्टायनरनेमा जातींत झेनोऱ्हॅब्डस आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस जातींत फोटोऱ्हॅब्डस. अळीच्या रक्तात पोहोचताच सूत्रकृमी हे जिवाणू बाहेर सोडतो. जिवाणू फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर बंद पाडतात. त्यामुळे रक्तपेशींना धोक्याचा निरोप देणारी रसायने तयारच होत नाहीत आणि पेशी जागच्या जागी थांबतात. फोटोऱ्हॅब्डस तर थर काळा करणारी क्रियाही रोखतो. साधारण २४ ते ४८ तासांत अळी मरते. मग जिवाणू त्या शरीरात वाढतात, सूत्रकृमी त्यांच्यावर पोसतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी मातीत उतरते.

मोठ्या हुमणीपुढे मात्र सूत्रकृमींना रक्तापर्यंत पोहोचणेच जड जाते. तिच्या श्वसनछिद्रांवर चाळणीसारखी झडप असते. ती वरचेवर विष्ठा टाकते, त्यामुळे मागच्या वाटेने शिरलेले सूत्रकृमी बाहेर फेकले जातात. पायांनी आणि तोंडाने अंगही झाडते. जिवाणू कितीही प्रभावी असले तरी दारातच अडले तर उपयोग काय? म्हणून पहिली आणि दुसरी अवस्था साधा.

मात्रा साधारण हेक्टरी २५० कोटी, म्हणजे एकरी १०० कोटी सूत्रकृमी. हा जिवंत माल आहे. पाकीट उन्हात ठेवू नका, फ्रीजरमध्येही नको. वापरण्याआधी थोडा माल पाण्यात घालून भिंगाखाली पाहा. वळवळणारे थोडेच दिसले तर ते पाकीट परत करा. आळवणी किंवा फवारणी संध्याकाळीच करा, कारण कडक ऊन सूत्रकृमींना काही मिनिटांत मारते. आधी जमीन ओली हवी. सोडल्यावर पुन्हा हलके पाणी द्या आणि पुढचे दहा-पंधरा दिवस ओल टिकवा. मातीचे तापमान १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये असेल तर काम चांगले होते. पंपातली बारीक जाळी काढून ठेवा आणि द्रावण सतत ढवळत राहा, नाहीतर सगळे सूत्रकृमी तळाशी बसतात. सूत्रकृमीनाशक औषध त्याच टाकीत कधीच मिसळू नका. ते दिले असेल तर मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या.

आठवड्याने पुन्हा माती उकरा. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी लाल होते, स्टायनरनेमाने मारलेली करडी किंवा तपकिरी. दोन्हींना कुजका वास येत नाही, कारण जिवाणू स्वतःची प्रतिजैविके तयार करून इतर जंतूंना दूर ठेवतात. (लाल अळी पूर्ण अंधारात मंद चमकते, हे मुलांना आवर्जून दाखवावे असे आहे.) काळी पडून घाण वास मारणारी अळी दुसऱ्या कारणाने मेलेली असते, ती हिशेबात धरू नका. रंग बदललेल्या अळ्या मातीतच राहू द्या.

हेच सहजीवन किडीच्या बाजूनेही उभे राहते. वाटाण्यावरील माव्याची प्रतिकारयंत्रणा बरीच अपुरी आहे, पण काही माव्यांत हॅमिल्टोनेला डिफेन्सा नावाचा जिवाणू राहतो. त्या जिवाणूत विशिष्ट विषाणू असेल, तर त्याच्या विषामुळे परोपजीवी गांधीलमाशीने माव्यात घातलेले अंडे किंवा त्यातून निघालेली अळी मरते. आई माव्याकडून हे संरक्षण पिलांना मिळते. म्हणून गांधीलमाश्या शेतात असूनही फुगलेले, तपकिरी, कडक झालेले (म्हणजे गांधीलमाशीच्या अळीने आतून मारलेले) मावे फारसे दिसत नसतील, तर केवळ गांधीलमाश्यांवर विसंबू नका. ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकीटक) आणि सिरफिड माशीच्या अळ्या मावा थेट खातात. त्यांच्यासाठी बांधावर फुलझाडे राहू द्या आणि त्या दिवसांत सरसकट मारणारी कीटकनाशके टाळा.