मीटिंग घेताय? मग या चुका टाळा

अजेंड्यावर ‘वेबसाइटबाबत चर्चा’ असं दिसलं, की मीटिंग लांबणार हे मी धरूनच चालतो. ‘नवी वेबसाइट या महिन्यात सुरू करायची की पुढच्या?’ असं लिहा ना! प्रश्न असला की उत्तर मिळालं का, ते तरी कळतं. प्रश्न सुचत नसेल तर मी मीटिंग ठेवतच नाही, मेल टाकून मोकळा होतो.

माझं डोकं खरं फिरतं ते ‘बघून घेऊ’ने. एका कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. जुनं बंद करण्याआधी ग्राहकांना कळवायचं ठरलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, ओळही आली: ‘ग्राहकांना कळवणे’. कोणी, ते नाही. सेल्सला वाटलं सपोर्टवाले कळवतील, सपोर्टला वाटलं सेल्सवाले. ठरल्या दिवशी जुनं सॉफ्टवेअर बंद झालं आणि सकाळपासून फोन खणखणायला लागले. त्यावर उपाय काय निघाला? आणखी एक मीटिंग! त्यामुळे कोणी उठायच्या आत, सगळ्यांदेखत, मी प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख लिहितो. दोन नावं चालत नाहीत. ‘टीम’ तर अजिबात नाही.

साहेबांनी आधी मत देऊ नये. नंतर सगळे त्याच सुरात बोलतात.

‘सोपं आधी उरकू’ हा नवशिक्यांचा लाडका शॉर्टकट. सोप्या विषयांवर वेळ कसा जातो, याची ब्रिटिश लेखक पार्किन्सनने १९५७ सालीच टर उडवली होती: त्याच्या कल्पनेतली समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते. सोप्या विषयावर प्रत्येकाला मत असतं, म्हणून अवघड विषय पहिला घ्या.

‘पटापट आयडिया सांगा’ हेही तसंच. एक बोलतो तेव्हा बाकीचे ताटकळतात आणि डोक्यात आलेलं विरून जातं. असं ताटकळावं लागलं की आयडिया कमी येतात, हे डील आणि स्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. आधी पाच मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून कागदावर लिहावं. नव्या मॅनेजरांना ही शांतता सोसत नाही, दुसऱ्याच मिनिटाला त्यांचं ‘बोला, बोला’ सुरू होतं. थांबा जरा, लोक विचार करतायत!

दर सोमवारची मीटिंग केवळ सोमवार उजाडला म्हणून घेऊ नका.

आणि हल्ली मिनिट्स एआय लिहून देतं, म्हणून कोणी वहीच उघडत नाही. कोण काय बोललं ते त्यात छान उतरतं. पण काम कोणाचं हे मीटिंगमध्ये कोणी उच्चारलंच नसेल, तर ते एआय कुठून आणणार?