फिशटँकची टेस्ट: नायट्रेटची दुसरी बाटली जोरात हलवा

मासे मलूल दिसतात, पण टेस्टमध्ये नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं रसायन) जवळपास शून्य येतं? पाणी बदलण्याआधी टेस्ट करायची पद्धत तपासा.

थेंबांच्या बहुतेक किटमध्ये सगळ्यात जास्त घोळ नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत होतो. तिच्यातला गाळ तळाशी घट्ट बसतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

१. ती बाटली तळहातावर ठोका, मग निदान ३० सेकंद जोरात हलवा. थेंब टाकल्यावर टेस्टची नळीही पूर्ण १ मिनिट हलवायची. इथे कंटाळा केला तर बाकी सगळं वाया.
२. नळी आधी टँकच्याच पाण्याने विसळा. ५ मिलीची रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून भरा.
३. बाटली अगदी सरळ उलटी धरा. तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात.
४. नळीला झाकण लावा, बोट नको.
५. किटवरची वेळ घड्याळात लावा आणि खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर रंग जुळवा. पिवळ्या बल्बखाली केशरी आणि लाल यातला फरक कळत नाही.

नागपुरात नळाला पेंच धरणाचं पाणी असो की कन्हान नदीचं, तेही एकदा तपासून आकडा लिहून ठेवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात किट घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. पट्ट्यांचं किट असेल तर कूलरसमोर डबी उघडूच नका, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

आणि जपून: काही बाटल्यांत तीव्र आम्ल असतं. मुलांपासून लांब ठेवा, नळीतलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका.