लिटास आणि क्रून: दोन छोट्या चलनांमधला जुना दर कसा काढायचा

जुन्या नोटा जमवणाऱ्या मंडळींचा मला एक प्रश्न ठरलेला असतो: "लिथुआनियाच्या एका लिटासला तेव्हा एस्टोनियाचे किती क्रून मिळायचे?" बहुतेक जण ही जोडी थेट सर्चमध्ये टाकतात, एखादा आलेख सापडतो आणि त्यावर विश्वास ठेवतात. मी तसं करत नाही. छोट्या चलनांच्या जोडीचा बाजार असा फारसा नसतोच. त्यांचा दर तिसऱ्या, मोठ्या चलनामार्फत काढलेला असतो. तो तुम्हालाही काढता येतो, आणि मग कोणावर विसंबावं लागत नाही.

आधी एवढंच शोधा, की त्या तारखेला कोणतं चलन कोणत्या खुंट्याला बांधलेलं होतं, म्हणजे कोणत्या मोठ्या चलनाशी त्याचा दर ठरवून दिलेला होता. क्रून 20 जून 1992 रोजी आला तोच जर्मन मार्कला बांधून: 8 क्रून म्हणजे 1 मार्क. युरो आल्यावर 1 युरो म्हणजे 1.95583 मार्क ठरला. त्याला आठाने गुणलं की 15.6466 मिळतात, आणि क्रून शेवटपर्यंत याच दरावर राहिला. लिटासचा खुंटा वेगळा. 1 एप्रिल 1994 पासून 4 लिटास म्हणजे 1 अमेरिकन डॉलर. 2 फेब्रुवारी 2002 ला तो खुंटा बदलला आणि 3.4528 लिटास म्हणजे 1 युरो झाला. हा आकडा हवेतून आलेला नाही. आदल्या दिवशी युरोपियन सेंट्रल बँकेचा संदर्भ दर 1 युरोला 0.8632 डॉलर होता. त्याची चौपट करून बघा.

आता गंमत बघा. दोन्ही चलनं बांधलेली, तरी 2002 पर्यंत त्यांचा आपसातला दर रोज हलत होता, कारण डॉलर आणि मार्क हलत होते. सूत्र सोपं आहे: 1 डॉलरला जितके मार्क, त्याची दुप्पट म्हणजे 1 लिटासचे क्रून. (आठ भागिले चार, म्हणून दुप्पट.) डॉलर दीड मार्कला असेल तर लिटास 3 क्रूनला. 1999 च्या आधीची तारीख असेल तर डॉलर-मार्कचा त्या दिवसाचा दर जर्मनीच्या बुंडेसबँकेच्या आकडेवारीत मिळतो.

1999 पासून पुढचं काम आणखी सोपं. युरोपियन सेंट्रल बँक 4 जानेवारी 1999 पासूनचे सगळे संदर्भ दर एकाच फाइलमध्ये देते. ती स्प्रेडशीटमध्ये उघडा. प्रत्येक आकडा "1 युरोला इतके" असा असतो. क्रूनचा आकडा लिटासच्या आकड्याने भागा. उलटसुलट झालं की नाही याची खूण एकच: या जोडीत लिटास वजनदार, त्यामुळे उत्तर एकापेक्षा मोठंच यायला हवं. शनिवार-रविवारी दर जाहीर होत नाहीत. तारीख सुट्टीची असेल तर आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्या आणि तसं लिहून ठेवा.

खुंट्यांवरून हिशेब करून दाखवतो. 4 जानेवारी 1999 ला युरो 1.1789 डॉलरला होता. त्याची चौपट म्हणजे 1 युरोचे लिटास, आणि 15.6466 ला त्याने भागलं की लिटास 3.318 क्रूनला. 26 ऑक्टोबर 2000 ला युरो 0.8252 पर्यंत घसरला आणि लिटास 4.740 वर गेला. दोन वर्षांच्या आत सुमारे 43 टक्के वाढ, आणि एस्टोनिया-लिथुआनियाने त्यासाठी काहीच केलेलं नाही! "बांधलेली चलनं, म्हणजे दर स्थिर" असं समजणाऱ्यांना मी हे दोन आकडे दाखवतो.

वर्षाची सरासरी हवी असेल तर जरा जपून. आधी रोजचा भागाकार, मग सरासरी. वरचे दोनच दिवस घ्या. लिटासच्या दोन दरांची सरासरी 4.03 येते. पण युरो-डॉलरची सरासरी काढून मग भागाकार केलात तर 3.90. डॉलर-मार्कवरून दुप्पट करत असाल तर ही भानगड नाही, तिथे सरासरीलाही दोनाने गुणलेलं चालतं.

फेब्रुवारी 2002 नंतर फाइल उघडायचीही गरज नाही. 15.6466 भागिले 3.4528, म्हणजे 4.5316. काउंटरवर प्रवाशाला मात्र हा दर मिळत नसे. खरेदी-विक्रीतला फरक बँक आपल्याकडे ठेवते, त्यामुळे जुन्या पावतीवर वेगळा आकडा दिसला तर पावती खोटी ठरवू नका. एप्रिल 1994 च्या आधी लिटासला खुंटाच नव्हता. तिथे सूत्र चालत नाही, त्या दिवसाची प्रत्यक्ष नोंदच शोधावी लागते.

काही आलेख 2011 नंतरही ही रेघ ओढत राहतात. 1 जानेवारी 2011 ला एस्टोनियाने युरो घेतला आणि 1 जानेवारी 2015 ला लिथुआनियाने, त्यामुळे त्या रेघेमागे बाजार नाही. पण नोटा हाती असतील तर दोन्ही मध्यवर्ती बँका त्या अजूनही युरोत बदलून देतात, मुदतीची अट नाही, आणि दर तेच: 15.6466 आणि 3.4528.